रायगडाला कोणता रंग द्यायचा?

सन 1700 चा महाराष्ट्राचा नकाशा रंगवायला घेतलाय असं समजा. महाडच्या डोक्यावरचा रायगड आला की हात आपोआप भगव्या रंगाकडे जाईल. पण जरा थांबा. त्या साली गड मराठ्यांकडे नव्हताच!

फेब्रुवारी 1689 मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. रायगडावर राजाराम महाराजांचं मंचकारोहण झालं. एप्रिलात ते गड उतरून प्रतापगडाकडे निघाले आणि मजल दरमजल करत जिंजीला पोहोचले. इकडे इतिकादखानाच्या वेढ्यात वर्ष सरायच्या आत गड पडला. येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. औरंगजेबाने गडाचं नाव ‘इस्लामगड’ ठेवलं. पुढे तो जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला आणि मराठ्यांना परत मिळाला तो थेट 1733 मध्ये. तब्बल 44 वर्षं! स्वराज्य जिवंत, छत्रपती जिवंत, आणि शिवछत्रपतींची समाधी मात्र दुसऱ्याच्या अमलात.

त्यातही एक मेख आहे. 1719 मध्ये दिल्लीहून सनदा आल्या आणि शाहूंच्या स्वराज्यावर खुद्द बादशहाची मोहोर उठली. तरी रायगड पुढची 14 वर्षं सिद्दीकडेच राहिला, आणि हा सिद्दी स्वतःला त्याच बादशहाचा चाकर म्हणवत होता. त्याच सनदांनी दख्खनच्या सहा मोगल सुभ्यांत मराठ्यांना शेकडा 25 चौथाई आणि शेकडा 10 सरदेशमुखी दिली. म्हणजे मुलूख मोगलांचा, पण वसुलीला दोन्ही सरकारांची माणसं येणार. अशा दुअंमली गावाला कोणता रंग द्याल?

पोलादपूरच्या बाजूला वळलं तर हा घोळ आणखी जुना निघतो. ढवळे गावाजवळचा चंद्रगड, पलीकडे जावळीचं खोरं, हा मोऱ्यांचा मुलूख. त्यांचा ‘चंद्रराव’ हा किताब विजापूरचा, म्हणून कागदावर ते आदिलशाहीचे मांडलिक. पण त्या दाट रानात हुकूम चाले तो मोऱ्यांचा. 1656 मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि पाठोपाठ रायरीही. तीच रायरी पुढे रायगड झाली. जावळी कुणाकडून घेतली म्हणायची, मोऱ्यांकडून की आदिलशहाकडून? माझ्या मते दोन्ही लिहावं. एकच लिहिलं तर अर्धी हकीकत गळते.

पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरमार्गे खाली उतरलं की वाई लागते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश इथेच उभा केला. पहिला खंड 1976 मध्ये निघाला. कोशकाराला हा पेच पानोपानी भेटतो. अमुक प्रदेश कुणाचा, या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न असतात: ताबा कुणाचा, दावा कुणाचा आणि मान्यता कुणाची?

गोव्याचं घ्या. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 च्या कराराने. मधली 13 वर्षं लिस्बनच्या लेखी गोवा पोर्तुगीजच होता! उत्तर सायप्रसने 1983 मध्ये स्वतंत्र देश असल्याचं जाहीर केलं, पण त्याला तुर्कस्तानखेरीज कुणी मानत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नकाशात काश्मीरमधली नियंत्रण रेषा तुटक असते, खाली टीप असते. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात अख्खं जम्मू-काश्मीर भारतात असतं. तुटक रेषा काढली म्हणजे नकाशाकार डळमळीत आहे, असं अनेकांना वाटतं. मला उलट वाटतं. ताबा आणि दावा वेगवेगळे आहेत, हे ती रेषा उघडपणे सांगते.

कोशात मथळा ‘रायगड’ हाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इथल्या माणसांनी टिकवलेलं नाव तेच आहे. पण आत ‘इस्लामगड’ही हवं, सिद्दीही हवा, 1689 आणि 1733 ही दोन सालंही हवीत. ती गाळली तर गड परत घेणाऱ्यांचा पराक्रमही त्यांच्याबरोबर गळतो, कारण न गेलेला गड परत कसा घेणार?

शिवकाळाचा नकाशा आपल्या ओळखीचा, अटकेपार गेलेल्या पेशवाईचाही ओळखीचा. मधला सन 1700 चा नकाशा मात्र भिंतीवर क्वचितच दिसतो. इतिहास शिकवणाऱ्यांनी तो मुलांकडून एकदा काढून घ्यावा: रायगडावर तिरप्या रेघा आणि खाली दोन ओळींची टीप.