राजेशाही मोटार, बुटका टप

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी अडकित्ते, कुणी बंद पडलेली घड्याळे. पण रोग्यांना इस्पितळात पोचवणारी जुनी मोटार हौसेने विकत घेऊन दारात उभी करणारी माणसेही या जगात आहेत, हे मला साठी उलटल्यावर कळले. अमेरिकेत अशा हौशी मंडळींची १९७६ सालापासून चक्क एक संस्था आहे. ‘प्रोफेशनल कार सोसायटी’ हे तिचे नाव. रुग्णवाहिका आणि शववाहिका या दोन्हींचे भक्त तिथे एकाच पंगतीला बसतात. ते तसे का, हाच या लेखाचा विषय आहे.

ओहायो राज्यात मुलीकडे चार महिने राहण्याचा योग आला. आमच्या जावईबापूंना जुन्या मोटारींचे वेड. एका रविवारी ते मला म्हणाले, “बाबा, एक अँब्युलन्स विकायला निघाली आहे. येता का बघायला?” घरात सगळी धडधाकट असताना अँब्युलन्स बघायला जाणे मला अशुभच वाटले, पण जावयाचा शब्द कसा मोडणार? निघालो.

गाडी पाहिली मात्र, आणि अशुभाचा विचार पार पळाला. १९५९ सालची कॅडिलॅक! लांबी सुमारे २१ फूट. मागे माशाच्या परांसारखे दोन उंच पर आणि प्रत्येक परात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन तांबडे दिवे. १९८४ सालच्या ‘घोस्टबस्टर्स’ या चित्रपटात भुते पकडणारी मंडळी जिच्यातून हिंडतात, ती मोटार याच जातीची. एखाद्या संस्थानिकाला शोभावी अशी ही गाडी रोग्यांसाठी कुणी बांधली असेल?

त्याचा खुलासा मोठा मौजेचा आहे. कॅडिलॅकवाले इंजिनासह नुसता सांगाडा तयार करीत. नेहमीच्या कॅडिलॅकची पुढची-मागची चाके १३० इंचांवर, तर या सांगाड्याची १५६ इंचांवर. त्यावर वरची पेटी चढवण्याचे काम दुसरेच कारखाने करीत. पिक्वा गावचा मिलर-मीटिअर, लायमाचा सुपीरिअर, सिनसिनाटीचा हेस अँड आयझेनहार्ट हे त्यांतले नामांकित; आणि तिन्ही ओहायोतलेच. एवढा लांब, दणकट आणि गुळगुळीत चालणारा सांगाडा शववाहिकेला हवाच असे. आणि शववाहिका बांधणारेच रुग्णवाहिकाही बांधीत.

गाडीचे मालक ऐंशीच्या घरातले गृहस्थ होते. वडिलांचा व्यवसाय अंत्यविधीचा. त्यांनी मागचे दार उघडून आम्हाला गाडीची करामत दाखवली. जमिनीत बसवलेल्या फळ्या उलट्या केल्या की शवपेटी सरकवण्याची रुळे वर येत; सुलट्या केल्या की रोग्याची खाट नीट बसे. टपावरचा तांबडा दिवा काढता-घालता येई. म्हणजे सकाळी अंत्ययात्रा आणि संध्याकाळी अपघात, गाडी एकच! अशा दुहेरी गाडीला तिकडे ‘कॉम्बिनेशन कार’ म्हणत.

वाचकहो, आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण त्या काळी अमेरिकेत हा रिवाजच होता. १९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघातांविषयी एक अहवाल काढला, त्यात हे स्पष्ट नमूद आहे: देशातली सुमारे निम्मी रुग्णसेवा १२,००० अंत्यविधी-व्यावसायिक चालवीत होते. कारण काय? तर माणसाला आडवे निजवून नेता येईल अशी गाडी त्यांच्यापाशीच होती! त्याच अहवालाप्रमाणे १९६५ या एका वर्षात अपघातांनी १,०७,००० माणसे दगावली होती.

“आत बसून पाहा ना,” म्हातारबुवा म्हणाले. मी खाटेशेजारच्या छोट्या बैठकीवर बसलो. गाद्या मऊ, खिडक्यांना पडदे, सगळा थाट राजेशाही. पण जरा ताठ झालो तो डोके टपाला लागले. खाटेवरच्या माणसावर ओणवे होऊन काही करायचे म्हटले, तर कोपर हलवायलाही जागा नाही.

म्हातारबुवा माझी ही कसरत पाहत होते. ते शांतपणे म्हणाले, “एका शेतकऱ्याच्या छातीत कळ आली होती. मी अठरा वर्षांचा होतो, गाडी हाकत होतो. वडील मागे, तुम्ही बसलात तिथेच. वाटेत नाडी थांबली. वडिलांना गुडघ्यांवर उभे राहता येईना. आणि आले असते तरी पुढे काय करायचे ते आम्हाला कुणी शिकवलेच नव्हते. इस्पितळ सतरा मैल. मी गाडी पळवली. तेवढेच माझ्या हाती होते. तिसऱ्या दिवशी त्या माणसाला याच गाडीतून दफनभूमीत नेले. दिवा तेवढा काढून ठेवला होता.”

आम्ही दोघेही गप्प झालो.

खरे तर उपाय तोवर सापडला होता. छातीवर ठरावीक दाब देऊन थांबलेले हृदय चालवता येते, हे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातल्या संशोधकांनी १९६० सालीच प्रसिद्ध केले होते. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पँट्रिज यांनी हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र १९६६ च्या सुमारास गाडीतच नेऊन ठेवले. १९६७ साली पिट्सबर्ग शहरात डॉ. पीटर सफार यांच्या देखरेखीखाली ‘फ्रीडम हाउस’ची रुग्णसेवा निघाली. हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीतल्या, कुणी कामावर न घेणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांना तिने शिकवून तयार केले, आणि त्यांनी रस्त्यातच माणसे जगवून दाखवली. ही सेवा १९७५ पर्यंत चालली.

आणि मग कॅडिलॅकचा थाट संपला. गाडीतच उपचार करायचे तर माणसाला वावरायला जागा हवी, टप उंच हवा. १९७४ साली अमेरिकन सरकारने रुग्णवाहिकांची नवी मोजमापे ठरवली, ती व्हॅन आणि ट्रकच्या सांगाड्यांना धरून होती. १९७७ साली कॅडिलॅकचा सांगाडाही आखूड झाला. दशक संपता संपता मोटारीच्या घाटाची रुग्णवाहिका इतिहासजमा झाली, आणि उरली ती हौशी मंडळींच्या दारात.

आता कुणाला ही हौस करायचीच असेल, तर म्हातारबुवांनी जावईबापूंना सांगितलेल्या चार गोष्टी ऐकून ठेवाव्यात. इंजिनाचे आणि पुढच्या भागाचे सुटे भाग मिळतील, ते कॅडिलॅकचेच. मागच्या काचा आणि दारे मात्र थोडक्या गाड्यांपुरती घडवलेली. ती फुटली की मिळणे कठीण. गंज आधी खालून पाहावा. तांबडा दिवा आणि भोंगा रस्त्यावर वापरण्याला पुष्कळ राज्यांत कायद्याची बंदी आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कागदपत्रे!

कागदपत्रांचे महत्त्व पटवायला एकच उदाहरण पुरे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडी यांचा डल्लसमध्ये खून झाला. त्यांचे शव तिथल्या विमानतळावर नेले ते कॅडिलॅक शववाहिकेतून. आणि रात्री वॉशिंग्टनजवळ विमानतळावरून बेथेस्डाच्या नौदल इस्पितळात नेले ते पाँटिअक रुग्णवाहिकेतून. ‘तीच ही पाँटिअक’ म्हणून एक गाडी जानेवारी २०११ मध्ये ॲरिझोनातल्या लिलावात १,२०,००० डॉलरच्या बोलीला गेली. पण लिलावाआधीच दाखले पुढे आले होते, की खरी गाडी १९८६ साली बॉस्टनमध्ये चेपून नष्ट करण्यात आली! पुढच्या वर्षी डल्लसची ती शववाहिका १,६०,००० डॉलरच्या बोलीला गेली.

आमच्या म्हातारबुवांची गाडी अशी नामांकित नव्हती. तरी किंमत ऐकून जावईबापूंनी दोनदा चष्मा पुसला. एक गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला तयार होते. पण त्याला ती चित्रपटातल्यासारखी रंगवून जत्रेत मिरवायची होती. म्हातारबुवांनी त्याला परत पाठवले. त्यांची अट एकच: आतली खाट आणि बैठक आहे तशी राहिली पाहिजे. “बाहेरून गाडी सुंदर आहे, ते सगळ्यांना दिसते,” ते म्हणाले. “आत किती थोडी जागा होती, ते मुलांना दिसले पाहिजे.”

जावईबापूंचे घेणे झाले नाही. मी मात्र परत आल्यापासून एक करतो. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, ती डॉक्टर आणि औषधे बरोबर घेऊनच. त्यांतली एखादी पांढरी गाडी भोंगा वाजवीत आली, की बाजूला होता होता माझी नजर आधी तिच्या टपाकडे जाते. दिसायला ती खोक्यासारखी. पण आत एक माणूस ताठ उभा राहू शकतो.