ऑलिव्ह तेल : वाचलेले पाणी आणि उरलेला ओला चोथा

शेंगदाणा, तीळ, करडई यांचे तेल कोरड्या बियांतून निघते. ऑलिव्हचे तेल मात्र रसदार फळाच्या गरातून काढावे लागते. या फळात जवळजवळ निम्मे पाणी आणि साधारणपणे पंचमांश तेल असते. त्यामुळे येथे गाळप म्हणजे वस्तुतः तेल, पाणी व चोथा एकमेकांपासून विलग करणे होय.

पूर्वी दगडी घाण्यात भरडलेला लगदा चटयांच्या थरांत दाबला जाई. १९७० च्या दशकात केंद्रोत्सारी यंत्रे रूढ झाली. लगद्यात कोमट पाणी मिसळून तो वेगाने फिरविला की तीन प्रवाह वेगळे होतात. मजुरी वाचली, परंतु दर टन फळांमागे सुमारे एक घनमीटर काळपट सांडपाणी निघू लागले. त्यातील फिनॉलयुक्त द्रव्ये जिवाणूंना मारक असल्याने ते सहजासहजी कुजत नाही, आणि नदीत मिसळल्यास तेथील ऑक्सिजन संपविते. स्पेनने १९८१ मध्ये ते नदीत सोडण्यास बंदी केली. मग ते उघड्या तळ्यांत साठवून उन्हात आटविले जाऊ लागले.

१९९० च्या दशकाच्या प्रारंभी द्विप्रवाही यंत्र आले. त्यात बाहेरचे पाणी जवळजवळ घालावे लागत नाही. तेल एका बाजूस व ओला चोथा दुसऱ्या बाजूस निघतो. पाण्यात विरघळून जाणारी फिनॉल द्रव्ये तेलातच अधिक राहतात, म्हणून तेल जास्त टिकते. स्पेनमधील बहुसंख्य गिरण्यांनी हा बदल थोड्याच वर्षांत स्वीकारला.

बहुतेक वर्णने येथेच थांबतात, आणि ते योग्य नाही. फळातील पाणी नाहीसे झालेले नसते, ते चोथ्यात गेलेले असते. टनामागे सुमारे ८०० किलो चोथा उरतो व त्यात ६० ते ७० टक्के पाणी असते. उरलेले तेल हेक्झेनने काढण्यापूर्वी हा चिकट चोथा वाळवावा लागतो आणि त्यासाठी भरपूर इंधन जळते. नदीवरचा भार भट्टीवर आला, एवढेच.

नव्या संशोधनाचा भर लगदा घुसळण्याच्या टप्प्यावर आहे. तेलाचे सूक्ष्म थेंब एकत्र येण्यासाठी लगदा अर्धा-पाऊण तास मंदपणे फिरवावा लागतो. उष्णता वाढविल्यास तेल जास्त सुटते, पण सुगंध उडतो. युरोपीय नियमांनुसार 'शीत निष्कर्षण' असे लिहिण्यासाठी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवावे लागते. इटलीतील बारी विद्यापीठात या टप्प्याआधी लगद्यावर श्राव्यातीत ध्वनीचा, म्हणजेच अल्ट्रासाउंडचा, मारा करण्याचे प्रयोग झाले. त्यामुळे निर्माण होणारे बुडबुडे फुटताना पेशींच्या भित्ती फाटतात व घुसळण्याचा वेळ घटतो. उपाय चांगला आहे. परंतु चोथ्याचा ओलावा त्याने कमी होत नाही.

त्या दृष्टीने साधे उपायच अधिक उपयोगी दिसतात. चोथ्यातून वेगळे केलेले आठळ्यांचे तुकडे गिरणीच्या बॉयलरमध्ये जळतात. उरलेला गर पालापाचोळा व शेणखतासह रचून, अधूनमधून उलथून काही महिने कुजविला की पालाशयुक्त खत मिळते. अँडलुसियातील काही गिरण्या असे खत तयार करतात. यास महागडे यंत्र लागत नाही. मोकळी जागा, खाली झिरपणारा द्राव अडविणारी फरशी आणि ढीग उलथण्यास माणूस मात्र हवा.