ताणजन्य मूत्रगळतीवरील शस्त्रक्रियाविरहित उपचार

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवी अनैच्छिकपणे गळणे म्हणजे ताणजन्य मूत्रगळती होय. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना खालून आधार देणाऱ्या स्नायूंच्या थरास श्रोणितळ म्हणतात. बाळंतपण, वाढते वय, स्थूलता किंवा जुनाट खोकला यांमुळे हा आधार कमकुवत झाल्यास पोटातील दाब वाढताच मूत्रमार्ग पुरेसा बंद राहत नाही.

व्यायाम

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये या स्नायूंच्या व्यायामाचे वर्णन केले. लघवी व वायू रोखल्याप्रमाणे स्नायू आत-वर ओढून काही सेकंद धरावेत आणि मग पूर्ण सैल सोडावेत. श्वास रोखू नये. मांड्या व नितंब आवळू नयेत. ब्रिटनमधील नाइस ही संस्था किमान ८ आकुंचने, दिवसातून ३ वेळा, निदान ३ महिने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करण्याची शिफारस करते. खोकण्यापूर्वी स्नायू आवळल्यास गळती कमी होते.

इतर उपाय

वजन घटवणे, बद्धकोष्ठता व खोकल्यावर उपचार, तसेच योनीत बसवायची पेसरी उपयुक्त ठरते. स्नायू आवळणे न जमणाऱ्या स्त्रियांना बायोफीडबॅक किंवा विद्युत उत्तेजनाची मदत दिली जाते.

उपलब्धता

व्यायामाला उपकरण लागत नाही. त्यामुळे शाहूवाडी तालुक्यातील मलकापूरसारख्या छोट्या शहरातही तो घरी करता येतो. मात्र वयाचा परिणाम समजून किंवा संकोचाने त्रास लपवल्यास उपचार लांबतात. लघवीत रक्त, जळजळ किंवा अंग बाहेर येणे आढळल्यास वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.