दारोदारची फेरी कीं रात्रीचा हमरस्ता?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे पुत्र, कन्या किंवा भाचे-पुतणे अमेरिकेंत नांदत आहेत, त्यांच्या छायाचित्रांतून एक तपकिरी रंगाची उंच, चौकोनी गाडी केव्हां ना केव्हां डोळ्यांखालून गेली असेल. ती युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीची गाडी होय. १९०७ सालीं सिॲटल शहरांत जेम्स केसी व क्लॉड रायन या दोन तरुणांनीं निरोप व सामान पोंचविण्याचा लहानसा उद्योग आरंभिला. १९१९ सालीं त्यास हें नांव मिळालें. या कंपनींत दारोदार पार्सलें वांटणारा चालक कांहीं वर्षांनीं तें काम सोडून लांब पल्ल्याच्या मालमोटारीवर जाऊं शकतो. वरवर पाहतां ही साधी बदली वाटेल. परंतु तिच्यामुळें माणसाचें शरीर, त्याची निद्रा आणि त्याचें घर या तिहींची घडी बदलते. म्हणून हा विषय कुटुंबांत विचार करण्याजोगा आहे, असें आम्हांस वाटतें.

दारोदार वांटप करणाऱ्या चालकाचा दिवस सकाळीं गुदामावर सुरू होतो. फळ्यांवर रचलेलीं पार्सलें क्रमानें काढावयाचीं, खालीं उतरावयाचें, पायऱ्या चढावयाच्या, पुन्हां गाडींत शिरावयाचें. असें दिवसांतून शंभराहून अधिक वेळां घडतें. गुडघे, कंबर व खांदे हींच त्याचीं खरीं हत्यारें, आणि झिजतात तींही तींच. उन्हाळ्यांत गाडीच्या मागच्या भागांत भट्टीसारखी धग असते. २०२३ सालच्या करारान्वयें, १ जानेवारी २०२४ नंतर खरेदी होणाऱ्या वांटपाच्या गाड्यांत थंड हवेची सोय करण्याचें कंपनीनें कबूल केलें, तें याच कारणास्तव. तथापि या कामास एक गोडवाही आहे. चालक उजेडांत हिंडतो, त्याची गांठ माणसांशीं पडते. कोणाच्या घरीं पाळणा हालला, कोणती म्हातारी एकटी राहते, हें त्यास ठाऊक असतें.

लांब पल्ल्याच्या चालकास त्या कंपनींत ‘फीडर’ चालक म्हणतात. तो एकही पार्सल हातानें वांटीत नाहीं. एका केंद्रावरून भरलेले ट्रेलर दुसऱ्या केंद्रास पोंचवावयाचे व तेथील घेऊन परतावयाचें, हें त्याचें काम. पुष्कळदां दोन गांवांचे चालक अर्ध्या वाटेवर भेटतात, ट्रेलरांची अदलाबदल करितात आणि आपापल्या गांवीं परततात. त्यामुळें बहुतेकांस झोंपावयास घरचाच बिछाना मिळतो. परंतु दिवसभर गोळा झालेला माल रात्रींतून पुढें सरकावा लागतो. यास्तव हा व्यवसाय मुख्यतः निशाचरांचा आहे.

येथें आम्हीं एक गोष्ट स्पष्टच बोलूं. आमच्या समाजांत लेखणीच्या कामास जो मान मिळतो, तो चाकाच्या कामास सहसा मिळत नाहीं. पण हें काम अडाण्याचें नव्हे. वांटपाच्या गाडीस साधा परवाना चालतो. मात्र जोडवाहनाचें एकंदर वजन २६,००१ पौंड किंवा त्याहून अधिक असून त्यांतील ओढावयाचा भाग १०,००० पौंडांवर असेल, तर ‘अ’ वर्गाचा व्यापारी परवाना घ्यावा लागतो. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तो प्रथमच घेणाऱ्यास नोंदणीकृत शिक्षकाकडे विहित शिक्षणही सक्तीचें झालें. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकांची निराळी परीक्षा असते, जोडट्रेलरांची निराळी. २८ फुटी दोन ट्रेलर एकामागें एक जोडतांना जड तो पुढें व हलका तो मागें ठेवावा लागतो. उलट केल्यास मागचा ट्रेलर शेंपटीसारखा झोलूं लागतो. एकच ट्रेलर मागें घेतांना सुकाणूचक्र उजवीकडे फिरविलें म्हणजे ट्रेलरचें बूड डावीकडे वळतें. आणि जोडट्रेलर तर मागें घेणें इतकें दुष्कर कीं, ते सोडवून निरनिराळेच हलवावे लागतात. हमरस्त्यावर कायद्यानें ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारें ३६,००० किलोग्रॅमपर्यंत, भार चालतो. असें धूड तासास ६५ मैल वेगानें जात असतां थांबवावयास पांचशें फुटांहून अधिक अंतर लागतें. ज्याच्या एका डुलकीवर अनोळखी कुटुंबांचे प्राण अवलंबून आहेत, त्याच्या कामास हलकें कसें म्हणावें?

आतां ही बदली मिळते कशी, तें पाहूं. तेथें चालकांचा टीमस्टर्स नांवाचा बलाढ्य संघ आहे. १९९७ सालीं सुमारें १,८५,००० कामगारांनीं पंधरा दिवस संप करून अर्धवेळ नोकऱ्यांचा प्रश्न साऱ्या देशापुढें मांडला होता. संघाच्या करारांत सेवाज्येष्ठतेस मोठें स्थान आहे. फीडरची जागा निघाली म्हणजे इच्छुकांनीं नांवें नोंदवावयाचीं व ज्येष्ठास प्रथम संधी मिळावयाची. तपशील प्रांतोप्रांतीं वेगळे असतात; पण नव्यानें गेलेल्याच्या वांट्यास बहुधा गैरसोयीच्या वेळा येतात, कारण चांगल्या फेऱ्या आधींच्यांनीं निवडलेल्या असतात. आपल्या एकत्र कुटुंबांत धाकट्या सुनेस जसें उरलेल्या वेळांशीं जमवून घ्यावें लागे, तसाच हा प्रकार!

कायद्यानें विश्रांतीचें रक्षण केलें आहे. सलग दहा तास विसावा घेतल्यावर अकरा तासच गाडी हांकतां येते. तीही कामावर आल्यापासून चवदा तासांच्या आंत. आठ तास हांकल्यावर निदान अर्धा तास थांबणें भाग असतें. डिसेंबर २०१७ पासून बहुतेक मालमोटारींवर हे तास नोंदणारें विद्युत्‌यंत्र सक्तीचें झालें. पण कायदा तास मोजतो, झोंपेची प्रत मोजीत नाहीं. दिवसा झोंपणाऱ्यास फोन, मुलांचा गलका व ऊन हीं सारीं शत्रुवत् होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २००७ सालीं दिनचक्र बिघडविणाऱ्या पाळीच्या कामास, व २०१९ सालीं स्पष्टपणें रात्रपाळीस, मनुष्यास बहुधा कर्करोगकारक अशा वर्गांत घातलें आहे. गुडघे वांचविण्यासाठीं निद्रा गहाण टाकणें हा सौदा डोळे उघडे ठेवूनच करावा.

पगाराचें म्हणाल, तर दोन्हीं कामांत तो उत्तम आहे. २०२३ च्या करारांत, मुदत संपेपर्यंत म्हणजे २०२८ पर्यंत, पूर्णवेळ चालकाचा सरासरी कमाल दर तासास ४९ डॉलरांवर न्यावयाचें ठरलें. परंतु भविष्य निश्चिंत नाहीं. ॲमेझॉनचा माल निम्म्याहून अधिक घटविण्याचा बेत कंपनीनें जानेवारी २०२५ मध्यें जाहीर केला. माल घटला कीं फेऱ्याही घटणार. त्याच वर्षीं मे महिन्यांत डलास व ह्यूस्टन यांच्या दरम्यान अरोरा कंपनीनें चालकाविना मालमोटारी धाडण्यास आरंभ केला. लवकरच त्यांत निरीक्षक म्हणून माणूस पुन्हां बसविण्यांत आला खरा, तथापि वाऱ्याची दिशा त्यावरून कळते.

मग निर्णय कसा करावा? आमच्या मतें हा प्रश्न एकट्या चालकाचा नव्हे. पत्नीस रात्रीं एकटें राहणें साधेल काय, मुलांच्या अभ्यासाकडे सायंकाळीं कोण पाहील, दिवसा घर शांत ठेवण्यास सारीं तयार आहेत काय, आणि सण-समारंभांस घरचा कर्ता पेंगत बसला तर कोणी रुसणार नाहीं ना, हे प्रश्न बदलीच्या अर्जावर सही होण्यापूर्वीं जेवणाच्या पानावर बसूनच विचारले पाहिजेत. ज्याचीं मुलें लहान आहेत, त्यानें शक्य असल्यास थोडें थांबावें, ज्येष्ठता वाढूं द्यावी व दिवसाची फेरी मिळण्याचा संभव पाहावा. ज्याचे सांधे आधींच कुरकुरूं लागले आहेत, त्यानें मात्र अभिमानापायीं दिवस ढकलूं नयेत. आणि घरच्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जो रात्रभर जागून पहांटे सुखरूप दारांत येतो, त्यास गरम जेवण व अंधारी, निवांत खोली मिळणें हें त्या नोकरीचेंच अर्धें अंग आहे. आणि तें अंग कोणतीही कंपनी पुरवीत नाहीं, घरालाच पुरवावें लागतें.