घसरणं हाच जिचा खेळ

‘पाय घसरला’ हे आपल्या भाषेतलं मोठं चमत्कारिक वाक्य. पुरुषाचा पाय घसरला, तर लोक खाली चिखल आहे का बघतात. बाईचा घसरला म्हटलं, की तिच्या घराकडे बघतात. मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे शब्दांचा हा दुजाभाव मला जास्त बोचतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली जॅकलीन लेजेअर मला आवडते, ती बहुधा म्हणूनच. घसरणं हाच तिचा खेळ.

या खेळाला ‘आइस क्रॉस’ म्हणतात. एकविसावं शतक उजाडता उजाडता स्वीडनच्या स्टॉकहोममध्ये तो सुरू झाला. भर शहरात उतारावर लोखंडी सांगाडे उभारून बर्फाचा घसरता रस्ता करतात. त्यात कडे, उंचवटे, अवघड वळणं. पायांत आइस हॉकीचे स्केट, डोक्यावर शिरस्त्राण. चौघीजणी एकदम सुटतात. पहिल्या दोघी पुढच्या फेरीत जातात, उरलेल्या दोघींची शर्यत तिथेच संपते. वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मोकळ्या रस्त्यावर आपली एसटी पळते तेवढा. एसटीला ब्रेक तरी असतो!

मग तोल राहतो कसा? हॉकीच्या स्केटचं पातं खालून सपाट नसतं. मधे बारीक पन्हळ आणि दोन्ही बाजूंना धार. शरीर कललं, की धार बर्फात रुतते आणि वळण घेता येतं. पातं आडवं केलं, की वेग मोडतो. खरी कसोटी गुडघ्यांची. उंचवट्यावर चढताना ते दुमडायचे आणि पलीकडच्या उतारावर पाय ताणून बर्फ दाबायचा. त्यातून वेग मिळतो. गुडघे ताठ राहिले, तर तोच उंचवटा तुम्हाला हवेत भिरकावतो, आणि हवेत असताना धार काय कामाची? मुद्दाम ढकलणं नियमात बसत नाही. पण चौघींनाही वळणाची आतली बाजूच हवी असते. धक्का लागायचा तो लागतोच.

लेजेअरचा पोटापाण्याचा धंदाही पडण्याचाच. ती चित्रीकरणात स्टंट करणारी. त्या धंद्यात पडते एक आणि चेहरा दिसतो दुसरीचा. बर्फावर मात पडली तरी स्वतःच्या नावाने, जिंकली तरी स्वतःच्या नावाने. २०१५-१६च्या हंगामात ती महिलांची जगज्जेती झाली. पुढच्या हंगामाची अखेरची शर्यत मार्च २०१७मध्ये ऑटवात झाली, शातो लॉरिए या जुन्या हॉटेलाच्या अंगाने कालव्याकडे उतरणाऱ्या मार्गावर. तिथे तिने किताब राखला.

एका पेय कंपनीने जाहिरातीसाठी मांडलेला हा तमाशा, असं म्हणून कुणी नाक मुरडतात. मुरडोत. कंपनीचा पैसा होता हे खरंच. पण त्या बर्फावर उभं राहायला पैसा उपयोगी पडत नाही. शिवाय तेव्हा बड्या शर्यती हंगामाला जेमतेम चार. एका वळणावर चुकलं, तर वर्षाचा पाव हिस्सा गेला.

२०१७-१८मध्ये किताब अमेरिकेच्या अमांडा ट्रंझोने नेला. तीही उतारावरून घसरतच आली, पण लेजेअरच्या पुढे.