डोक्यात विचारांची जत्रा, मग डोळ्याला डोळा लागणार कसा?

काळजीनं झोप उडालेला आपल्याकडचा सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे धृतराष्ट्र. पांडवांना भेटून संजय हस्तिनापुरात परतला, राजाला चार खडे बोल सुनावले आणि युधिष्ठिराचा निरोप उद्या सभेत सांगतो, आता दमलोय, म्हणून झोपायला निघून गेला. झालं! साहेबांचा रात्री ‘उद्या भेटा, बोलायचंय’ एवढाच मेसेज आल्यावर जे होतं, तेच राजाचं झालं. अंगाची आग आग आणि झोपेचा पत्ता नाही. शेवटी त्यानं विदुराला बोलावणं धाडलं. झोप कुणाकुणाला लागत नाही याची यादीच विदुरानं आल्याआल्या सांगितली: बलवानानं ज्याच्यावर चाल केली आहे असा दुबळा, सर्वस्व गमावलेला, प्रेमानं झपाटलेला आणि चोर. मग विचारलं, महाराज, यातलं काही नाही ना? की दुसऱ्याच्या धनावर डोळा आहे? उद्योगपर्वातल्या या भागाचं नाव प्रजागरपर्व, म्हणजे जागरणाचं पर्व. आपण जिला विदुरनीती म्हणतो, ती सगळी या एका रात्रीत सांगितली गेली.

विदुर काही घरोघरी नसतो. पण काळजी आणि झोप यांच्या भांडणावर जगभर भरपूर प्रयोग झालेत. त्यातले घरी करून बघण्याजोगे आणि सांगायला मजा येईल असे इथे जमवलेत. माझ्या मते सगळ्यांचं सूत्र एकच आहे: काळजीला धक्के मारून बाहेर काढता येत नाही. तिला कागद द्यावा, वेळ द्यावा, नाहीतर मेंदूला दुसरं काम द्यावं.

पाच मिनिटं आणि एक कागद

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी ५७ तरुण-तरुणींना झोपेच्या प्रयोगशाळेत एक रात्र झोपवलं. दिवा मालवण्याआधी प्रत्येकानं पाच मिनिटं लिहायचं. निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी उरकलेली. मेंदूच्या लहरी मोजून झोप कधी लागली ते पाहिलं. करायची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले! २०१८ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

वाटतं ना, की राहिलेली कामं आठवली तर झोप आणखी उडेल? झालं उलटंच. यादी जितकी बारकाईनं लिहिलेली, तितकी झोप लवकर. म्हणजे ‘बँकेचं काम’ एवढंच लिहून भागत नाही. ‘बुधवारी साडेदहाला बँक, केवायसीसाठी आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो, पासबुक कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये’ असं लिहिलं की मेंदू ते काम सोडतो.

याची मुळं १९२०च्या दशकातल्या बर्लिनमध्ये सापडतात. ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेनं १९२७ साली दाखवलं, की मध्येच तोडलेली कामं माणसाला पूर्ण केलेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात. या संशोधनामागे वेटरची एक गोष्ट सांगतात: बिल चुकतं होईपर्यंत कुठल्या टेबलाला काय हवं ते तोंडपाठ, पैसे हातात पडले की साफ विसरला. रात्री साडेअकराला आपल्या डोक्यात फिरत असतात ती अशीच चुकती न झालेली बिलं. कागदावर उतरवलं की काम संपत नाही, पण लक्षात ठेवण्याची जबाबदारी तरी मेंदूवरून उतरते.

वही पलंगाशेजारी ठेवा आणि पेनानंच लिहा. मोबाइलवर यादी करायला घेतली की दहा मिनिटांनी तुम्ही कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत बसलेले असता.

काळजीची अपॉइंटमेंट

१९८०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळजीखोरांना एक अजब पथ्य दिलं: रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, अर्धा तास फक्त काळजी करायची. मनसोक्त! दिवसभरात दुसऱ्या वेळी विचार आला तर त्याला सांगायचं, संध्याकाळी सहाला ये. पलंगावर मात्र ही बैठक भरवायची नाही. अशानं काळजी कमी होते असं त्यांना दिसलं. मला ही युक्ती फार आवडते, कारण यात ‘काळजी करू नकोस गं’ असं कुणी म्हणत नाही. त्या वाक्यानं आजवर कुणाची काळजी मिटलीय?

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातल्या माया लोकांकडे याचंच एक देखणं रूप आहे. काड्या आणि रंगीत चिंध्यांच्या बोटभर बाहुल्या असतात. मूल झोपताना एकेका बाहुलीला एकेक काळजी सांगतं आणि बाहुल्या उशीखाली ठेवून देतं. रात्रभर काळजी करायचं काम बाहुल्यांचं.

पांढरं अस्वल आणि बिचाऱ्या मेंढ्या

पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. पाच मिनिटं. आला विचार की घंटी वाजवायची. मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी हा प्रयोग १९८७ साली प्रसिद्ध केला. कल्पना सुचली ती दोस्तोयेव्हस्कीच्या प्रवासलेखनातल्या एका शेऱ्यावरून. घंट्या वाजतच राहिल्या. पुढची गंमत अशी, की आधी विचार दाबून ठेवलेल्यांना नंतर ‘आता करा विचार’ म्हटल्यावर त्यांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. ‘ईएमआयचा विचार करायचा नाही, करायचा नाही’ असं घोकणाऱ्याला ईएमआयच दिसतो तो यामुळे.

मग मेंढ्या मोजाव्यात? ऑक्सफर्डमध्ये अ‍ॅलिसन हार्वी आणि सुझाना पेन यांनी २००२ साली निद्रानाश असलेल्यांना गटांत विभागलं. एका गटाला शांत, सुखाचं दृश्य बारीक तपशिलांसकट डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, दुसऱ्याला नुसतंच ‘मन दुसरीकडे वळवा’ म्हटलं. दृश्य रंगवणारा गट लवकर झोपला. मेंढ्यांचं काम इतकं सोपं, की मोजता मोजता काळजीलाही जागा उरते. त्यापेक्षा आपल्या आवडीचा समुद्रकिनारा घ्या, पण नुसता ‘समुद्र’ नको. ओल्या वाळूत पाय किती रुततो, सुकत घातलेल्या सुंगटांचा वास कुठून येतोय, होडीच्या फळीवर कुठला रंग उडालाय, असं सगळं बघत जा.

याच रस्त्यावर कॅनडाचे संशोधक ल्यूक बोडवाँ आणखी पुढे गेले. झोप लागण्याच्या उंबरठ्यावर मेंदूत एकमेकांशी संबंध नसलेली चित्रं तरळतात. बोडवाँ म्हणाले, ती आपणच मुद्दाम तरळवली तर? त्यांच्या पद्धतीत एक साधा, भावना न चाळवणारा शब्द घ्यायचा आणि त्याच्या एकेका अक्षरावरून वस्तू आठवून त्यांचं चित्र बघायचं. मराठीत हा खेळ झकास जमतो. ‘बटाटा’ घेऊ. ब: बदक. पाण्यात डुंबणारं बदक नीट दिसलं? पुढे. बशी, काठावर टवका उडालेली. बैलगाडी. बंब, तांब्याचा. बुंदी. ब संपला की ट: टोपी, टरबूज, टाळ, टांगा, टिकली. शब्दांची गोष्ट बनवायची नाही. बदक बैलगाडीत बसलं की विचारांची साखळी सुरू झाली, आणि साखळी म्हणजे पुन्हा काळजीचीच वाट. पुष्कळांना दुसरं अक्षर उजाडेपर्यंत जांभया सुरू होतात. शब्द मात्र जपून निवडा. ‘परीक्षा’ नको.

आजीनं पायाला तूप चोळलं, बाझलनं मोजलं

झोप लागायची तर शरीराचा आतला गाभा थोडा थंड व्हावा लागतो आणि ती उष्णता बाहेर पडते हातापायांच्या तळव्यांतून. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’मध्ये लिहिलं, की झोप किती लवकर लागेल हे ओळखायची सगळ्यात चांगली खूण म्हणजे हातपाय किती उबदार आहेत ती. तळव्याला तूप लावून काशाच्या वाटीनं पाय घासून देणाऱ्या आजीला हे कळलं असतं, तर ती म्हणाली असती, मग मी काय सांगत होते! वाटीनं तळवा काळा पडतो म्हणजे अंगातली उष्णता निघाली, असं घरोघर सांगतात. तो काळा रंग तूप, आम्ल आणि धातू यांच्या घासण्यातून येतो. पण म्हणून त्या घासण्याचं सुख खोटं ठरत नाही. कुणीतरी आपला पाय मांडीवर घेऊन पंधरा मिनिटं बसलंय, काळजीवर याहून मोठा उतारा मला तरी माहीत नाही.

कढत पाण्याच्या आंघोळीचंही तेच. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. झोपायच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशाच्या पाण्यानं आंघोळ केली, तर झोप सरासरी दहाएक मिनिटं लवकर लागते. आंघोळीनं कातडीकडे रक्त धावतं आणि गाभा थंड होतो.

चरकसंहितेचा सल्ला म्हशीच्या दुधाचा: गाईच्या दुधापेक्षा जड, थंड आणि झोप न येणाऱ्याला हितकर. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या जोडीनं निद्रा हा शरीराला तोलून धरणारा खांब, असं चरक सांगतो.

एक उपाय मात्र अजिबात करू नका. जानेवारी १८८९ मध्ये व्हॅन गॉगनं भाऊ थिओला पत्रात कळवलं, की झोप यावी म्हणून उशीत आणि गादीत भरपूर कापूर घालतोय. कापूर जास्त प्रमाणात विषारी असतो.

झोपाळा, बदकं आणि पाहुण्यांची गादी

जिनिव्हात २०११ साली बारा पुरुषांना दुपारी पाऊण तास हळूहळू झुलणाऱ्या पलंगावर झोपवलं. चार सेकंदांना एक झोका. स्थिर पलंगापेक्षा सगळेच्या सगळे लवकर झोपले. साडीची झोळी बांधून पोराला निजवणाऱ्या कुठल्याही बाईला यात नवल वाटणार नाही.

परक्या घरी पहिल्या रात्री झोप लागत नाही, त्याला तुमचा स्वभाव कारण नाही. २०१६ साली ब्राउन विद्यापीठात दिसलं, की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग गाढ झोपेतही थोडा जागा राहून कानोसा घेतो. बदकंही हेच करतात. ओळीत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूनं जागतात, मधली निर्धास्त झोपतात. तेव्हा मुलाखतीसाठी पुण्याला जाणार असाल, तर जमल्यास दोन रात्री आधी पोहोचा.

घड्याळ भिंतीकडे, आपण दिवाणखान्यात

तीन वाजले. आता झोपलो तरी चारच तास. सव्वातीन. आता पावणेचार तास. हे गणित करून कुणी झोपलेलं नाही, म्हणून घड्याळाचं तोंड भिंतीकडे करा. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली याहून कडक नियम मांडला: थोड्या वेळात झोप आली नाही तर सरळ उठा, दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी साधं करा, जसं कपड्यांच्या घड्या किंवा उद्याची गवार निवडणं, आणि पेंग आली की परत या. तळमळत पडून राहिलं की पलंग म्हणजे तळमळ, अशी सवयच जडते. हा उपाय पहिले काही दिवस जिवावर येतो आणि तरीही निद्रानाशावरच्या सगळ्यात भरवशाच्या उपायांत मोडतो. चार्ल्स डिकन्सनं तर उठून लंडनचे रस्तेच धरले. पडल्यापडल्या झोप आली नाही की बाहेर, आणि दमूनभागून सूर्योदयाला घरी. त्या फेऱ्यांवरचा त्याचा निबंध १८६० साली छापून आला. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांचा विचार करता दिवाणखानाच बरा.

चहाचंही सांगून टाकते. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही रक्तात असतं. संध्याकाळी सहाचा कडक कप रात्री अकराला हजेरी लावतोच.

झोपू नका!

व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल रुग्णाला सांगत, आज रात्री झोपायचं नाही, जागं राहायचा प्रयत्न कर. झोप येईल की नाही या धास्तीनंच झोप पळते. प्रयत्नाची दिशा उलटी केली की धास्तीला धरायला काही उरत नाही. ग्लासगोत २००३ साली हा उपाय दोन आठवडे करून पाहिला, तेव्हा झोपेसाठीची धडपड आणि धास्ती दोन्ही कमी झाल्या. दिवा बंद, फोन लांब, डोळे उघडे. मिटायला लागले की मनात म्हणायचं, अजून थोडा वेळ.

आठवड्यात तीनेक रात्री असं होतंय आणि तीन महिने उलटलेत, तर मात्र घरगुती युक्त्यांवर थांबू नका, डॉक्टरांना भेटा. झोपेच्या गोळीआधी ‘सीबीटी-आय’ नावाची समुपदेशनाची पद्धत वापरावी, अशी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ साली शिफारस केली. वर सांगितलेले काही उपाय तिच्यातही आहेत. आणि काळजी इतकी दाटली, की सकाळपर्यंत थांबवत नाही, तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं आणि रात्री तीनलाही चालू असते.