पन्हाळ्याचा चढ घरात कसा आणायचा?

पंचगंगा पात्राबाहेर पडली की कोल्हापूरच्या सायकलस्वारांची पन्हाळ्याची फेरी बुडते. मग मागचे चाक अडकवून घरातच पेडल मारायचा, घडी होणारा ट्रेनर आठवतो. घेताना सगळे विचारतात, कुणाचा रेझिस्टन्स जास्त? विचारायला हवे ते हे, की वेग वाढला की तो कसा वाढतो. सांगलीकडच्या सपाट रस्त्यावर खरी झुंज हवेशी. तिचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे शक्ती घनाने: वेग दुप्पट, तर शक्ती आठपट. पंख्याचा ट्रेनर नेमके हेच करतो, शेजाऱ्यांची झोप उडवून. फ्लुइड ट्रेनरमधले सिलिकोन तेल जवळपास तेच मुकाट्याने करते. घाटात मात्र हिशेब वेगळा. सायकलसह ८० किलो वजन ६ टक्के चढावर न्यायला, चाकांचे घर्षण सोडले तर, सुमारे ४७ न्यूटन बल लागते. वेग ताशी ९ किलोमीटर असो की १८. शक्ती ११८ वॉटवरून २३५ वर जाते, दुप्पटच. याच्या जास्त जवळ चुंबकीय ट्रेनर जातो. चुंबकांजवळून फिरणाऱ्या धातूच्या चकतीत भोवरी प्रवाह तयार होतात (फुकोने ते १८५५ मध्ये दाखवले) आणि चकतीला मागे ओढतात. नेहमीच्या वेगांत ही ओढ साधारण वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि हँडलवरचा खटका ओढून चुंबक सरकवले की संथ चाकही जड होते.

यावर कुणी म्हणेल, फ्लुइडवर वरचा गिअर टाका, तेवढेच वॉट मिळतील. मिळतील, पण चाक आणि फ्लायव्हील जोरात फिरत राहतील. त्यांच्यात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, आणि पेडल वर-खाली उभे असताना पाय दुबळा पडतो तिथे तीच ऊर्जा त्याला पुढे नेते. चढावर ही मदत फारशी नसते. म्हणूनच तिथे मांड्या भरून येतात. दुसरा आक्षेप रास्त आहे: चकती तापली की तिची वाहकता घटते आणि रोध ढिला पडतो. पण तेलही तापून पातळ होतेच. म्हणून दोन्हीकडे नुसत्या वेगाच्या आकड्यावर विसंबू नये, हृदयाचे ठोके पाहावेत.

घाटासाठी तयारी करणाऱ्याने चुंबकीय घ्यावा. सपाटीवर वेग कमावायचा असेल तर फ्लुइडचे जास्त पैसे सार्थकी लागतील. दोन्हींसोबत टेबल फॅन हवाच. शरीर खर्चलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग पेडलला देते; ११८ वॉट काढताना साडेतीनशेच्या आसपास वॉट उष्णता होते, आणि पावसाळ्याच्या दमट खोलीत वारा नसेल तर घाम वाळत नाही.